आजोबांची मान टिकत नाही

सांगलीत रविवारी मातीकामाच्या कार्यशाळेला जातो. फेट्यासकट आजोबांचं डोकं करतोय. दोनदा मान वाकली. काल तर आजोबा पाटावर पालथे! शाडूच वापरतोय. काय चुकतंय?

— आत सांगाडा आहे का? नुसत्या मातीला फेटा पेलत नाही. पाटाला सळई पक्की करा, वर तारेचा गोळा, त्यात लाकडाच्या छोट्या फुल्या तारेने लोंबत्या सोडा. माती त्यांना धरून राहते. निघताना ओलं फडकं, वर प्लास्टिक.

— भाजायचं असेल तर सांगाडा काढून आतून पोकळ करा, नाहीतर भट्टीत फुटेल.

— एकदा औंधचं भवानी संग्रहालय बघा. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे शिल्प आहे तिथं, चक्क आपल्या खटाव तालुक्यात!

— सळई कुठली, अगरबत्तीची काडी खुपसली होती. हसू नका.