बार्बाडोसमधली उंची रेस्टॉरंट: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, क्रिकेटसाठी, सुट्टीसाठी किंवा नोकरीनिमित्त बार्बाडोसला जाऊन आलेले आपल्यात बरेच जण आहेत. तिथल्या समुद्राबद्दल पुष्कळ बोलून झालंय. मला ऐकायचंय ते महागड्या जेवणाबद्दल. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब, पण पश्चिम किनाऱ्यावर सेंट जेम्स आणि सेंट पीटर या परगण्यांत उंची रेस्टॉरंटांची रांगच आहे. १९६१ साली सँडी लेन हॉटेल उघडलं, ब्रिटनमधले श्रीमंत हिवाळा काढायला इथे येऊ लागले आणि त्यांच्यामागून तशी स्वयंपाकघरंही आली. दोघांचं रात्रीचं जेवण वाइनसकट तीनशे अमेरिकन डॉलरच्या पुढे सहज जातं. एवढे पैसे मोजल्यावर ताटात काय आलं, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. ‘द क्लिफ’ १९९५ मध्ये सुरू झालं. आम्ही गेलो ते काही वर्षांपूर्वी. प्रवाळाच्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी टेबलं मांडलेली, मशाली पेटलेल्या आणि पायथ्याशी समुद्र. पाण्यावर दिव्यांचा झोत सोडलेला असतो. त्या उजेडात पाकट संथपणे फिरताना दिसतात, मधूनच टार्पन मासे चमकून जातात. अंधार पडला की झाडांतून शिट्ट्या सुरू होतात. त्या नखाएवढ्या बेडकांच्या असतात, हे वाढणाऱ्या मुलाने सांगितलं तेव्हा कळलं. मेनूवर कोकराचं मांस होतं, बीफ होतं, पण बेटावरचं बरंचसं अन्न बाहेरूनच येतं. मी माही-माही मासा मागवला. तो मात्र इथल्याच पाण्यातला, बाहेरून खरपूस, आत ओलसर, वर लिंबाचा रस. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: तिथे पैसे खर्चायचे तर त्या बेटाच्या मातीतल्या आणि पाण्यातल्या गोष्टींवर.

टोरंटोहून

आमच्या घरात माळ आहे, त्यामुळे मासा-मटण तर नाहीच, अंडंही नाही. एका नावाजलेल्या ठिकाणी आम्हाला उकडलेल्या भाज्या आणि टोमॅटोचा पास्ता मिळाला, दर मात्र मुख्य पदार्थाचा. वाईट वाटलं, कारण बेटावर शाकाहारी माणसाला खायला भरपूर आहे. पुढच्या ठिकाणी आदल्या दिवशीच ईमेल केली. मासा नको, चिकन नको, सूपच्या पाण्यातही नको, असं स्पष्ट लिहिलं. शेफ स्वतः टेबलाशी येऊन विचारून गेले. मग निखाऱ्यावर भाजलेला ब्रेडफ्रूट आला, पिकल्या राजेळी केळ्यांसारख्या प्लँटेनच्या परतलेल्या फोडी, लाल भोपळ्याची भजी आणि कू-कू. मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून चपट्या लाकडी दांडक्याने घोटतात, पातेल्याच्या कडा सुटेपर्यंत. तांदळाच्या उकडीची आठवण यावी असा मऊ लगदा होतो. हा तिथला राष्ट्रीय पदार्थ, एरवी उडत्या माशांबरोबर खातात. आम्हाला वरून कांदा-टोमॅटोचा रस्सा दिला होता. माझ्या सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं!

मालवणहून

मी क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात काम केलंय. राजधानी ब्रिजटाऊनला बोट लागली आणि सुट्टी मिळाली की मी बाजार गाठायचो. वर ब्रेडफ्रूटचा उल्लेख आलाय, तो म्हणजे आपला नीरफणस. १७९३ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने ताहितीची रोपं कॅरिबियनमध्ये आणली, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. आज तोच पांढऱ्या टेबलक्लॉथवर येतो. आमच्याकडे त्याची कापं करतात, तिथे अख्खं फळ साल काळी पडेपर्यंत भाजतात आणि फोडून लोणी घालतात. धुराचा वास आतपर्यंत मुरतो.

उडता मासा नीट बनवलाय का, ते ओळखायची खूण सांगतो. बाजारातल्या बायका त्याचे काटे असे काढतात की सुरी दिसतच नाही. पोटाकडून उघडायचा, कणा उचलायचा, मग बारीक काट्यांची ओळ काढून टाकायची. मागे उरतो फुलपाखरासारखा उघडलेला तुकडा. त्याला हिरवं वाटण चोळतात: कांद्याची पात, थाईम, मार्जोरम, लसूण, लिंबू आणि स्कॉच बॉनेट मिरची. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये हा तुकडा गुंडाळून वाफवतात, वर सॉसची नक्षी काढतात. पण वाटण नीट मुरलंय का, हे पहिल्याच घासाला कळतं. नुसतं मीठ-मिरी लावून आणला असेल तर त्या स्वयंपाकघराला बेटाची ओळख नाही, असं मी समजतो. टेबलावर पिवळा पेपर सॉस मागून घ्या. मोहरी आणि हळद असते त्यात, पण बेताने, फार जहाल असतो.

लंडनहून

२९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर होतो. रोहितच्या हातात वर्ल्ड कप पाहिला, याहून जास्त काय मागायचं! बाबांनी १९७१ मध्ये याच मैदानावरचं गावसकरांचं नाबाद ११७ रेडिओवर ऐकलं होतं, म्हणून त्यांना घेऊन गेलो होतो. फायनलनंतर चॅम्पर्स या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं ठरवलं होतं, पण बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि आम्ही हॉटेलातच अडकलो. वादळ सरल्यावर गेलो. टेबल समुद्राच्या अगदी वर, लाटा खालच्या खडकांवर फुटत होत्या. उडता मासा मागितला तर मुलगी म्हणाली, आज नाही. ब्रिजटाऊनच्या मासेमारी बंदरात होड्यांचा अक्षरशः चुराडा झाला होता. एक डॉलरच्या नाण्यावर जो मासा आहे, ज्याच्यावरून त्रिनिदादशी वाद लवादापर्यंत गेला, २००६ मध्ये निकाल लागला, तो त्या आठवड्यात मिळत नव्हता. बाबा जेवणं थांबवून तिच्या घरच्यांची चौकशी करत बसले. तिच्या मामाची होडी गेली होती. पुन्हा जाईन तेव्हा तिथेच जेवणार.

ठाण्याहून

माझं मत थोडं वेगळं आहे. पश्चिम किनाऱ्यावर एकदा जेवा, जरूर जेवा. पण शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गावी न जाता परत आलात तर बार्बाडोस चाखलाच नाही. जाळीवर भाजलेला मासा, बाजूला मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दणदणीत संगीत. वरच्या मंडळींनी ज्या वाटणाबद्दल लिहिलंय ते मला तिथे सगळ्यात ताजं लागलं. रमसुद्धा तिथेच प्या. माउंट गे या तिथल्या रमचा कागदोपत्री उल्लेख थेट १७०३ सालचा आहे.

नाशिकहून

फेब्रुवारीत आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी जातोय. टेबल कधी ठरवावं? कपड्यांचं काय?

टोरंटोहून

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत भर हंगाम, त्यामुळे तिकिटं काढलीत की लगेच टेबलही ठरवून टाका आणि समुद्राकडचं मागा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची वेळ घ्या, फेब्रुवारीत सहा वाजून गेल्यावर लगेच अंधारतं. पुरुषांना संध्याकाळी फुल पँट लागते, चपला-बर्म्युडा चालत नाहीत. आईंनी साडी नेसली तर उत्तमच. लष्करी नक्षीचे कपडे मात्र बॅगेतच टाकू नका, त्या देशात कायद्याने बंदी आहे. मेनूवरचे डॉलर बार्बाडोसचे की अमेरिकन ते आधी बघा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन. बिलात सर्व्हिस चार्ज बहुतेक लावलेलाच असतो, तो पाहून मग टिप द्या. आणि जेवणानंतर किनाऱ्यावर फिरायला गेलात तर खोडावर लाल पट्टा असलेल्या झाडाखाली थांबू नका. ते मँचिनील, त्याचा चीक कातडी भाजतो. पन्नासाव्याचं आधी कळवून ठेवा, गोडाचं काहीतरी ते स्वतःहून आणतील. अंडं चालत नसेल तर तेही त्याच ईमेलमध्ये लिहा.