काउंटर-स्ट्राइक 1.6 (दोन टीमचा गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम) : रिकामा मॅप इतका भयाण का वाटतो?

खिडकीपाशी: बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) न टाकता एकट्यानं डस्ट हा मॅप उघडला की अंगावर येतो. शिवाय मॅपच्या भिंतीपलीकडे काय असतं? तिथे जाता येतं का?

जुनाखेळिया: येतं की. ‘न्यू गेम’नं स्वतःचा सर्व्हर उघडा, कन्सोलमध्ये (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) एसव्ही_चीट्स 1, मग मॅप पुन्हा लोड करा, टीम घ्या आणि नोक्लिप, म्हणजे भिंतींतून आरपार उडता येतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणार नाही. मेलेले असाल तरी नाही. बाहेर गेलात की भिंती गायब! पृष्ठभाग एकाच बाजूनं रंगवलेले, त्यामुळे पाठीमागून थेट खोल्यांच्या आत दिसतं.

पोकळीकर: आणि बाहेर चित्र फरफटतं, बंदुकीच्या शेपट्या उमटतात. ग्राफिक्स कार्ड बिघडलेलं नाही. पोकळीत रंगवायला काहीच नसतं, आणि गेमचं इंजिन मागची फ्रेम (आधीचं चित्र) पुसत नाही, म्हणून तीच साचत जाते. जीएल_क्लिअर 1 केलं की थांबतं. (माझ्या मते शून्यच ठेवा, खरी मजा तीच.)

खिडकीपाशी: आणि ती भयाण शांतता?

जुनाखेळिया: मॅप दोन टीमच्या गोळीबारासाठी बांधलाय. माणसं काढली की उरतो फक्त तुमच्या पावलांचा आवाज. सावल्याही मॅप कंपाइल करतानाच (गेमसाठी तयार करतानाच) भिंतींवर भाजून ठेवलेल्या, त्यामुळे दुपार काही केल्या ढळत नाही.