रिकर्व्ह बोची दोरी जागेवर राहत नाही, नॉकिंग पॉइंटही सरकतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तिरंदाजी करणाऱ्या किंवा मुलांना शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. १५ दिवसांवर मुलीची निवड चाचणी आहे, म्हणून जरा घाई आहे.

आम्ही शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. मुलगी १४ वर्षांची. दोन वर्षं बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळली, दिवाळीनंतर रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या आधुनिक धनुष्यावर आली. बो जुना घेतलाय, ६६ इंची, २४ पौंडाचे लिम्ब (धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे हात). दोरी नवीन, डेक्रॉनच्या (पॉलिस्टर) धाग्याची. सर नंदुरबारला असतात, आठवड्यातून एकदाच भेट होते. बाकी दिवस बोची देखभाल माझ्याकडे.

सरांनी ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, २१.७ सेंमी लावून दिलं होतं. चारच दिवसांत ते २१ च्या खाली आलं. दोरी सुटताना डाव्या हाताच्या कोपराखाली फटका बसतो, आर्मगार्डच्या कडेला काळानिळा वळ उठलाय. आवाजही फटकन येतो, आधी असा नव्हता.

पीळ दिला की दोरी आखूड होते आणि ही उंची (ब्रेस हाइट) वाढते, एवढं सरांकडून ऐकलं होतं. म्हणून दोरी उतरवून पीळ दिला. पण उंची वाढण्याऐवजी कमीच होत गेली! पंधराएक पीळ होईपर्यंत घटली, मग वाढायला लागली. चाळीसच्या आसपास पीळ दिल्यावर कुठे २१.७ आली. हे बरोबर झालं का, तेच कळत नाही.

त्यानंतर दुसरंच सुरू झालं. नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाणाची खाच (नॉक) दोरीवर कुठे बसवायची त्या खुणेची गाठ, बाण टेकतो तिथून दोरीशी होणाऱ्या काटकोनाच्या ६ मिमी वर बांधलेला होता. सकाळी मोजला तर ६, तीन डझन बाण झाल्यावर ११. दोऱ्याची गाठ घट्ट आहे, तरी वर सरकते. बिनपिसाचा बाण (जुळणी तपासायला मारतात तो) १८ मीटरवरून पिसांच्या बाणांच्या बराच खाली लागतो.

आमच्या आजोबांच्या कामठ्याला (बांबूच्या धनुष्याला) दोरी नव्हतीच, बांबूचीच चिवट कांब असायची. तिला ना पीळ ना मेण. त्यामुळे घरात कामठा पाहत वाढलो तरी या बाबतीत माझी पाटी कोरी आहे. दोरी बदलू की दुरुस्त होईल? आणि मेण किती वेळा लावायचं?

प्रतिसाद १
भो, आधी बाण मारणं थांबवा. मग एक करा: बो चढवलेला असताना मधली सर्व्हिंग (जिथे नॉक बसतो तो गुंडाळलेला दोरा) चिमटीत धरून वर-खाली हलवा. हलली तर गाठीचा काही दोष नाही. गाठ सर्व्हिंगवर बसलीय आणि सर्व्हिंगच घसरतेय.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. सर्व्हिंग का सैल झाली तेही तुमच्याच लिखाणात आहे. पीळ दिल्यावर उंची आधी घटली, म्हणजे तुम्ही उलटा पीळ दिलात. आधीचे पंधरा उलगडले, मग उलट्या दिशेने पंचवीस चढले. सर्व्हिंग ज्या दिशेने गुंडाळलेली असते त्याच दिशेने दोरीला पीळ हवा, म्हणजे ती आवळत जाते. उलट दिला की ती स्क्रूसारखी सुटते.

उंची मुळात का घटली हा वेगळा विषय. नवी डेक्रॉन दोरी सुरुवातीचे बरेच बाण होईपर्यंत ताणत राहते, ते अपेक्षितच आहे. शिवाय उतरवताना खालचं टोक मोकळं सोडलंत तर दोन-चार पीळ आपोआप उलगडतात. टोक बोटात धरूनच ठेवा, किंवा लिम्बवरच अडकवून ठेवा.

सगळा उलटा पीळ काढा. मग योग्य दिशेने २० ते ३०. ६६ इंची बोला ८.२५ ते ८.७५ इंच, म्हणजे साधारण २१ ते २२.२ सेंमी हा पल्ला. तिशीच्या फार पुढे जावं लागलं तर दोरीच लांब आहे, बदला. सर्व्हिंग मात्र नव्याने गुंडाळून घ्या, फेविक्विकने चिकटवू नका. ती पुन्हा घसरली आणि ताणलेल्या दोरीवरून नॉक सुटला तर बाणाशिवाय दोरी सुटते आणि लिम्ब तडकू शकतो, मुलीच्या तोंडासमोर.

बिनपिसाचा बाण खाली म्हणजे नॉकिंग पॉइंट वर गेलाय, ते तुमच्या ११ मिमीशी जुळतं. पण सर्व्हिंग पक्की होईपर्यंत त्याला हात लावू नका, सरकत्या खुणेवर ट्यूनिंग होत नाही.

मेण: दोरीवर लव उभी दिसली की लावायचं. चिमटीत चोळून बोटांची ऊब द्या, म्हणजे धाग्यांत मुरतं. सर्व्हिंगवर नको.

धागाकर्ता
खूप खूप आभार. सर्व्हिंग खरंच हलत होती, नखाएवढी फट दिसली. मला वाटायचं तो दोरा नुसता झिजू नये म्हणून असतो.

काल नंदुरबारला जाऊन सरांसमोर सर्व्हिंग नव्याने गुंडाळली. सगळा पीळ काढून २४ दिले, उंची २१.६. नॉकिंग पॉइंट पुन्हा ६ वर बांधला. आज चार डझन बाणांनंतर मोजलं: २१.५ आणि ६. बिनपिसाचा बाण अजून चार बोटं खाली आहे, पण आता तो एकाच जागी लागतो. फटका थांबला. सर म्हणाले, बाकीचं शनिवारी, मिलिमीटरभराने खाली घेऊ.

पिळाची दिशा विसरू नये म्हणून वरच्या टोकाला लाल दोरा बांधलाय, आणि मोजमापाची वही मुलीकडेच दिलीय.

एक राहिलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि घरावर पत्रा आहे. बो आतापर्यंत पत्र्याखालच्या खुंटीला असायचा. तो खालच्या धान्याच्या खोलीत ठेवला तर चालेल का? तिथे गार असतं, पण पावसाळ्यात ओल येते.

प्रतिसाद २
उन्हाळ्यात तिथेच ठेवा, दोरी उतरवून. पत्र्याखाली मेण पातळ होतं आणि लिम्बचे थरही सुटू शकतात. आगोट (पावसाळ्याची सुरुवात) लागली की बाहेर काढा.