२१व्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन

वर एका ताईंनी लिहिलंय, पाळी ३५ दिवसांनी येते आणि पाळी सुरू झाल्यापासून २१व्या दिवशी रक्तात प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाला गर्भासाठी तयार करणारं संप्रेरक) कमी आलं, म्हणून बीज सुटतच नाही असं त्यांना सांगितलं गेलं. ताई, एवढ्यावरून खचून जाऊ नका. बीज सुटल्यावर अंडाशयातल्या त्याच्या रिकाम्या कोशाचा पिवळसर पिंड होतो, कॉर्पस ल्युटियम. प्रोजेस्टेरॉन प्रामुख्याने तोच बनवतो. गर्भ राहिला नाही तर साधारण १४ दिवसांत तो आटतो आणि पाळी येते. हा काळ बहुतेकींमध्ये फारसा बदलत नाही, लांबतो तो बीज पिकण्याचा आधीचा काळ. म्हणजे तुमचं बीज २१व्या दिवसाच्या आसपासच सुटत असेल! मग त्याच दिवशी प्रोजेस्टेरॉन चढलेलं कसं दिसणार? रक्त पाळीच्या आठवडाभर आधी, २८व्या दिवशी द्यायला हवं. डॉक्टरांना हे नक्की विचारा.