गेम कॅबिनेटच्या पडद्यावर नुसती आडवी रेघ: सल्ला हवा

मिरजकर:
बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं एक कॅबिनेट घरी आणलंय. आत २० इंची पिक्चर ट्यूब, रंगीत टीव्हीचंच चेसिस (टीव्हीचं सर्किट), गेमचा बोर्ड ‘मुस्तफा’चा (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स). चालू केल्यावर थोडा वेळ चित्र झकास दिसतं. मग ते वरून-खालून दबत जातं आणि मधोमध पांढरी आडवी रेघ उरते. आवाज, बटणं सगळं चालू. बाजूला थाप मारली की क्षणभर चित्र पसरतं. मेकॅनिक म्हणतात ट्यूब गेली, एलसीडी बसवा. मला ट्यूबच हवीय. सुरुवात कुठून करू?

जुनाचेसिस:
दादा, ट्यूब गेलेली नाही. रेघ दिसतेय म्हणजे ईएचटी (ट्यूबचं हाय व्होल्टेज), हॉरिझाँटल (चित्र आडवं पसरवणारा भाग) आणि ट्यूब तिन्ही चालू आहेत. बंद पडतोय तो फक्त व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे चित्र उभं पसरवणारा भाग. तापल्यावर बिघडतं आणि थाप मारल्यावर सुधारतं, म्हणजे बहुतेक ड्राय सोल्डर (तडकलेला, सैल झालेला सोल्डरचा जोड). आधी ब्राइटनेस पार कमी करा, नाहीतर रेघेच्या जागी फॉस्फर (पडद्याचा चमकणारा आतला थर) कायमचा जळेल. थापा मारणंही थांबवा, ट्यूबची मान नाजूक असते.

उघडण्याआधी प्लग काढा. ट्यूबच्या पाठीवर जी उघडी अर्थिंगची तार असते, तिला वायरने जोडलेला लांब चपटा स्क्रूड्रायव्हर एका हाताने अ‍ॅनोडच्या रबरी टोपीखाली (ट्यूबला हाय व्होल्टेज जातं तिथे) सरकवा. दुसरा हात खिशात. तिथे २० हजार व्होल्टच्या वर साठलेलं असू शकतं. सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही ३०० च्या वर व्होल्ट राहतात, तो बल्ब लावून रिकामा करा. हे कधी केलं नसेल तर पहिल्यांदा जाणकाराला शेजारी बसवा. यात घाई नको.

मग योककडे (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलकडे) जाणाऱ्या तारा धरून हीटसिंकवरची व्हर्टिकल आयसी शोधा. तिच्या पायांभोवती भिंगातून बारीक गोल चीर दिसेल. जुनं सोल्डर ओढून काढा आणि नवं मारा. योकचा कनेक्टरही तपासा. तरी रेघच राहिली, तर आयसीला सप्लाय येतोय का पाहा. येत नसेल तर वाटेतला फ्युझिबल रेझिस्टर (जादा करंटला फ्यूजसारखा उडणारा) उडालेला असतो, आणि बहुधा आयसी शॉर्ट झाल्यामुळेच.

पार्लरवाला:
एलसीडीचं एवढं सोपं नाही. बोर्डाचा सिग्नल (सेकंदाला किती आडव्या रेघा काढतो ती गती) १५ किलोहर्ट्झच्या आसपासचा, व्हीजीए मॉनिटरला ३१ लागतो. मध्ये कन्व्हर्टर घालावा लागेल. टीव्हीची ट्यूब याच १५च्या घरात चालते, म्हणून तर आपल्याकडे कॅबिनेटात टीव्हीच बसवायचे.

मिरजकर:
आयसीच्या दोन पायांना चीर होती! सोल्डर मारलं, चित्र आता टिकतंय. पण अगदी वरच्या भागात पांढऱ्या रेघा येतात, चित्र दुमडल्यासारखं.

जुनाचेसिस:
छान काम केलंत. आता आयसीलगतचा पंप-अपचा कंडेन्सर (रेघ परत वर नेताना आयसीला जादा व्होल्टेज देणारा) बदला, बहुतेक १०० मायक्रोफॅरडचा असेल. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीवालाच घ्या. फुगलेला दिसत नसला तरी बदला, तो आतून सुकतो.