भाऊगर्दी: यातला भाऊ नक्की कोण?

प्रश्न

सहावीतल्या माझ्या भाचीने निबंधात लिहिलं, "भाऊबीजेला आमच्या घरी भाऊगर्दी असते." बाईंनी शब्दाखाली लाल रेघ ओढली, कारण मात्र लिहिलं नाही. घरात विचारलं तर सगळे भाचीच्या बाजूने. भाऊ जमले, गर्दी झाली, मग भाऊगर्दी म्हणायला हरकत काय? मलाही तसंच वाटत होतं. पण निवडणुका आल्या की पेपरात 'इच्छुकांची भाऊगर्दी' वाचते, तिथे कुठले भाऊ? गल्लोगल्लीचे 'भाऊ' आणि 'दादा' का?

प्रतिसाद १

ताई, भाचीने शब्दाची फोड बरोबर केली, फक्त यातला भाऊ नात्यातला नाही. हे विशेषनाम आहे. भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ, चिमाजीअप्पांचे चिरंजीव आणि नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ. शब्द आला पानिपतावरून, १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी जे झालं त्यावरून.

मराठ्यांच्या फौजेबरोबर बुणग्यांचा प्रचंड लोंढा होता: बाजारकरी, यात्रेकरू, बायकामुलं. पानिपतात अडीच महिने कोंडी झालेली, दाणावैरण तुटलेली. तरीही दुपारपर्यंत लढाई आपल्या हातून गेलेली नव्हती. मग विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ अंबारी सोडून घोड्यावर बसले आणि लढता लढता दिसेनासे झाले. दूरवरून दिसली ती रिकामी अंबारी. त्यानंतर कोण कुठे पळतोय, कोणाच्या हुकमाने, काहीच राहिलं नाही. ही भाऊगर्दी.

इथे 'गर्दी'चा अर्थही सांगायला हवा. आज गर्दी म्हटलं की लोकलचा डबा आठवतो. अठराव्या शतकातल्या मराठीत गर्दी म्हणजे कत्तल, दंगल, नासधूस. 'शत्रूस गर्दीस मिळवले' म्हणजे धुळीला मिळवले. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळच. हिंदीतल्या 'गुंडागर्दी'त या जुन्या अर्थाची धग अजून आहे. मराठीत 'गर्दी' मवाळ झाली आणि तिच्याबरोबर 'भाऊगर्दी'ही.

प्रतिसाद २

माझा समज वेगळा होता. पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता, म्हणून भाऊंचे गारदी ती भाऊगर्दी, असं मी लहानपणी ऐकलंय. पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला तेही गारदीच. गोंधळ, रक्तपात हे सगळं जुळतं की.

प्रतिसाद १

ऐकायला जुळतं, पण शब्द वेगळे आहेत. 'गारदी' हा 'गार्ड'वरून आलेला, कवायती शिपाई. आणि गंमत नव्हे, मला यात फार वाईट वाटतं: त्या दिवशी फौजेत सर्वांत शिस्तीत लढले ते इब्राहिमखानाचेच गारदी. अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या रोहिल्यांसमोर त्यांनी अक्षरशः स्वतःला संपवलं. खुद्द इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. बेबंदशाहीच्या शब्दाला त्यांचं नाव चिकटवणं हा अन्याय होईल.

शिवाय नावापुढे 'गर्दी' जोडण्याचा साचा एकट्या मराठीचा नाही. दिल्लीकरांनी १७३९ च्या कत्तलीला नादिरगर्दी म्हटलं, १७५३ मध्ये सूरजमलने दिल्ली लुटली ती जाटगर्दी, अब्दालीची ती शाहगर्दी. आणि त्याच मालिकेत भाऊगर्दीही येते! ऑगस्ट १७६० मध्ये भाऊंनी दिल्ली घेतली आणि पैशांच्या ओढगस्तीत दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं. म्हणजे दिल्लीकरांच्या लेखी भाऊगर्दी हा आपला उपद्रव, आपल्या लेखी आपलाच विध्वंस. एकाच शब्दाच्या या दोन बाजू मला अस्वस्थ करतात, पण दोन्ही खऱ्या आहेत.

आता वापर. माणसं पुष्कळ जमली एवढ्याने भाऊगर्दी होत नाही. ज्याला त्याला पुढे घुसायचंय, क्रम नाही, कोणी कोणाचं ऐकत नाही, असं असेल तिथे हा शब्द. म्हणून 'एका तिकिटासाठी इच्छुकांची भाऊगर्दी' चपखल आहे. नाक्यावरच्या फ्लेक्सवर चेहऱ्यांची भाऊगर्दी, भाषणात विशेषणांची भाऊगर्दी, हेही चालेल. 'वारीत भाविकांची भाऊगर्दी' असं कोणी लिहिलं तर मात्र मी हरकत घेईन. तिथे दिंडीला क्रमांक असतो, चोपदाराने चोप उंचावला की हजारो माणसं गप्प होतात. तिला भाऊगर्दी कशी म्हणायची?

प्रतिसाद ३

आमच्याकडे आजी लग्नघरात वाढप्यांचा गोंधळ उडाला की म्हणायची, "काय ही भाऊगर्दी! आधी एकाने भात घ्या." पानिपत तिला ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक, पण 'कोण कोणाचं ऐकत नाही' हा अर्थ तिच्याकडे पक्का होता.

प्रश्नकर्ती

भाचीला सगळं वाचून दाखवलं. रिकाम्या अंबारीपाशी तिने दोनदा थांबवलं. मग स्वतःच वाक्य बदललं: "भाऊबीजेला आमचं घर भावंडांनी भरून जातं." बाईंना विचारणार आहे म्हणते, भाऊगर्दीवर वेगळा निबंध लिहिला तर चालेल का.