चालता बिबट्या शाडूत: पोट सुटतंय, पाय तडकतायत, सांगाडा कसा हवा?

मखमलाबादकर
निफाड तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात चालत्या बिबट्याचं शिल्प बसवायचं आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 2 फूट. आधी शाडू, मग साचा, मग फायबर, शेवटी रंग. सांगाड्याला 6 मिमी सळई, पायांना एकेरी जीआय तार. पोटाची माती खाली सरकते, पुढच्या पायांना तडे जातात आणि बाजूने बघितलं की कुत्र्यासारखा दिसतो. दुरुस्ती करू की सगळं उतरवून पुन्हा घेऊ? ठिपके मातीतच कोरायचे का?

तार_आणि_माती
उतरवा. सांगाडा चुकला की वरून कितीही माती लावा, ती सरकणारच.

19 मिमी प्लायचा 30 × 14 इंची पाट घ्या आणि खालून दोन आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे ओलाव्याने तो वाकणार नाही. अर्धा इंची पाइप फ्लँजने पाटावर उभा करा, वर टी जोडा. हा पाइप पोटातून वर जाईल आणि सगळं वजन तोच घेईल. पायांवर भार टाकायचाच नाही. पाठीच्या कण्याला 6 मिमी सळई ठीक आहे. पायांना मात्र 8 गेजची तार दुहेरी पिळून घ्या, त्यावर बाइंडिंग वायर सैलसर गुंडाळा. गुळगुळीत तारेवर शाडू फिरतो, गुंडाळलेल्या तारेला धरून राहतो.

पोटासाठी फुलपाखरं लागतील: बोटभर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या बांधायच्या आणि बाइंडिंग वायरने कण्याच्या सळईला लटकवायच्या. छातीत तीन, पोटात तीन, मागच्या भागात दोन. ती मातीच्या आत राहिली पाहिजेत, बाहेरच्या पृष्ठापासून निदान पाऊण इंच खोल. लोखंडाला आधी ऑइल पेंटचा हात द्या, नाहीतर गंज मातीत उतरतो.

तड्यांचं कारण साधं आहे. शाडू वाळताना आकसतो, तार आकसत नाही. पाय, कान आणि शेपटी बारीक असल्यामुळे आधी वाळतात, म्हणून तडे तिथेच. साचा काढेपर्यंत माती वाळू द्यायची नाही. काम थांबलं की ओलं सुती कापड, त्यावर प्लास्टिक. बारीक भागांवर कापडाचा वेगळा बोळा बांधा. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात हे दिवसातून दोनदा बघावं लागतं. एवढ्या आकाराला 12 ते 15 किलो शाडू धरून चाला.

पंजा_आणि_पाठ
कुत्रा का वाटतो ते सांगतो. सांगाड्याइतकाच हा भाग महत्त्वाचा आहे, आणि इथेच बहुतेक शिल्पं फसतात.

पहिलं, मापं. पूर्ण वाढलेल्या नराचं डोकं-धड साधारण सव्वा ते दीड मीटर, खांद्याची उंची 60 ते 70 सेंमी, शेपटी पाऊण मीटर किंवा थोडी जास्त. तुमच्या 2 फुटाला खांदा 11 ते 12 इंच आणि शेपटी 14 ते 15 इंच येते. पाय याहून लांब झाले की लगेच कुत्रा दिसतो. कंबरही कुत्र्यासारखी वर खेचू नका. बिबट्याच्या पोटाखाली सैल कातडी लोंबते.

दुसरं, सांधे. पुढच्या पायाचं कोपर छातीच्या खालच्या रेषेजवळ असतं. त्याखाली जे वाकतं ते मनगट. मागच्या पायाचा गुडघा पोटाच्या घडीजवळ असतो आणि मागे टोकदार दिसते ती टाच, ती जमिनीला टेकत नाही. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद ठेवा. चालताना नख्या आत असतात, त्या बाहेर काढून दाखवू नका.

तिसरं, खांदा. मांजरकुळात गळ्याचं हाड नावापुरतं उरलेलं असतं, त्यामुळे खांद्याचं पातं धडाला फक्त स्नायूंनी बांधलेलं असतं. मान खाली घालून चालताना ज्या पायावर भार असतो, त्या बाजूचं पातं पाठीच्या रेषेच्या वर उठतं. दोन्ही पाती एका उंचीवर ठेवली की जनावर उभं दिसतं, चालत नाही.

पावलांचा क्रम: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. शिल्पासाठी मला नेमका एक क्षण योग्य वाटतो. मागचा डावा पुढच्या डाव्याच्या ठशाजवळ टेकलाय, पुढचा डावा उचलला जातोय, पुढच्या उजव्यावर भार आणि मागचा उजवा मागे रेटलेला. तीन पाय जमिनीवर राहतात, फायबरलाही आधार मिळतो.

संदर्भाला मोबाइलने जवळून काढलेले फोटो नकोत, त्यात डोकं मोठं आणि मागचा भाग आखूड येतो. लांबून टेलिलेन्सने काढलेले, बरोबर बाजूचे फोटो घ्या. चाल समजायला घरातलं मांजर उत्तम, मापं मात्र त्याची घेऊ नका. बिबट्याची बाहुलीही गोल असते, मांजरासारखी उभी चीर नाही.

त्रिरश्मी_खालचा
वरच्या दादांच्या मुद्द्याला जोड. पांडवलेण्यांत खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती, बैल आहेत, ते खालून बघा. केस, सुरकुत्या जवळपास नाहीत, तरी वस्तुमानामुळे प्राणी लांबून ओळखू येतो. शाळेच्या आवारातलं शिल्पही मुलं वीस फुटांवरून बघणार आहेत.

पॅरिसचे शिल्पकार आंत्वान-लुई बारी (1795–1875) यांनीही प्राण्यांची मापं आणि शरीररचना यांपासूनच काम उभं केलं. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात ते चित्रकार दलाक्रवा यांच्याबरोबर अभ्यासाला जात.

आणखी एक. अभ्यासासाठी म्हणून कुणी बिबट्याची नखं, कातडं, कवटी देऊ केली तर हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या अनुसूची 1 मध्ये आहे, असे अवयव जवळ बाळगणं गुन्हा आहे. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं तर लगेच वनखात्याला फोन.

मखमलाबादकर
आभार. साचा आणि फायबरचं प्रमाण? काम पावसाळ्यातच येतंय.

साचेकाम
शेपटी आणि उचललेला पाय कापून त्यांचे साचे वेगळे काढा. बाकी शरीराचा साचा कण्यावरून आणि पोटाच्या मधून पत्र्याचे तुकडे रोवून दोन भागांत. पाण्यात पीओपी भुरभुरवायचं, पीओपीत पाणी ओतायचं नाही. लिटरभर पाण्याला साधारण दीड किलो. पहिल्या थरात थोडी नीळ घाला: साचा फोडताना निळा थर दिसला की छिन्नी हलकी करायची. दुसऱ्या थरात काथ्या.

पावसाळ्यात खरी अडचण साच्यातल्या ओलाव्याची. ओल्या पीओपीवर रेझिन चिकट राहतं. साचा पूर्ण वाळवा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे तीन हात द्या, मग वॅक्स. जेलकोटचे (बाहेरच्या पृष्ठासाठीचं घट्टसर रेझिन) दोन हात, त्यावर काचतंतूच्या 300 जीएसएम मॅटचे दोन थर, पायांत तीन आणि आत सळई. किलोभर रेझिनला कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून) आणि हार्डनर प्रत्येकी 10 ते 15 मिली. उन्हाळ्यात हार्डनर कमी. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर वापरायच्या क्षणी. दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. हातमोजे, चष्मा, रेझिनची वाफ अडवणारा मास्क, उघडी जागा.

रंगपेटी
ठिपके मातीत कोरू नका, सावली पडून ते खड्ड्यांसारखे दिसतात. प्रायमरनंतर पाठीला गेरूकडे झुकणारा पिवळा, बाजूला फिका, गळा-पोट-पायांची आतली बाजू पांढरट, कडा ओल्या असतानाच मिसळून घ्या. मग प्रत्येक फुलाच्या (अंगावरच्या फुलासारख्या ठिपक्यांच्या गुच्छाच्या) मध्याचा गडद तांबूस डाग, त्याभोवती दोन ते पाच तुटक काळे ठसे. बंद वर्तुळ काढू नका, आणि मधोमध ठिपका टाकला की तो जग्वार होतो. डोकं, पाय आणि पोटावर भरीव ठिपके. खांद्यावर फुलं लहान, बरगड्यांवर मोठी, कण्यालगत लांबट आणि रांगेत. कातडी ताणली जाते तिथे ती लांबवा, घडीत दाबा.

काळा सरळ बाटलीतला नको: बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळा. डावी-उजवी बाजू आरशासारखी करू नका. प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी असते, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून त्याला त्यावरूनच ओळखतात. कानांच्या मागे काळा रंग आणि एक फिकट डाग, शेपटीच्या टोकाखाली पांढरं. शेवटी मॅट पीयू क्लिअरचे (बिनचमकीचा पारदर्शक लेप) दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. चकचकीत क्लिअर मारलात तर उन्हात स्नायूंचे चढउतार दिसेनासे होतील.